वॉशिंग मशीनच्या मोटरची पवनचक्की: चौदा कॉइलचा हिशेब

स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, धुऊन, वाळवून झाला, बेअरिंग नवी टाकली. आता खरं काम, कनेक्शन. मोटर भंगारातल्या डायरेक्ट ड्राइव्ह वॉशिंग मशीनची आहे. बाहेर फिरणाऱ्या कपात ५६ चुंबकीय ध्रुव, आत स्टेटरला ४२ दात आणि प्रत्येक दातावर एक कॉइल. तीन फेज, म्हणजे फेजला १४ कॉइल, सगळ्या सिरीजमध्ये.

पवनचक्कीला ही मोटर का, तर ती कमी फेऱ्यांत व्होल्टेज देते. ट्रेडमिलच्या डीसी मोटरला त्यासाठी हजारो फेरे लागतात. गाडीच्या अल्टरनेटरलाही भरपूर फेरे हवेत, वर फील्डसाठी, म्हणजे आतलं चुंबकत्व तयार करायला, तो बॅटरीचाच करंट खातो. गिअर किंवा पट्टा लावून फेरे वाढवता येतात, पण मंद वाऱ्यात हाती येणारे चार वॉट त्यातच जिरतात.

मूळ कनेक्शन (स्टार, म्हणजे तीनही फेजची एकेक टोकं एकत्र बांधलेली) तसंच ठेवून ड्रिलवर मिनिटाला २०० फेरे दिले. दोन लाइनमध्ये ८४ व्होल्ट एसी. इथे कुणी थट्टेवारी नेऊ नये: वाऱ्याने फेरे वाढले की हेच व्होल्टेज जिवावर बेतू शकतं, उघड्या टोकांना हात लावायचा नाही. रेक्टिफाय केल्यावर, म्हणजे एसीचं डीसी केल्यावर, हे साधारण ११८ व्होल्ट डीसी होतात, आणि माझी बॅटरी २४ व्होल्टची, प्रत्यक्षात साडेपंचवीसच्या आसपास. रेक्टिफायरच्या ब्रिजमधल्या दोन डायोडचे १.४ व्होल्ट धरले तरी ४६ फेऱ्यांतच चार्जिंग सुरू होईल. कानाला छान वाटतं, पण माझ्या १.८ मीटर व्यासाच्या पात्यांना ३ मीटर प्रति सेकंदाच्या वाऱ्यातही १६० फेरे हवे असतात. ४६ वर बॅटरीने धरून ठेवलं तर ती वारा पकडणारच नाहीत.

म्हणून कॉइल तोडून गट पाडायचे. १४ चे समान गट पाडायला पर्याय मोजकेच: सातांचे दोन, दोनांचे सात, किंवा सगळ्या सुट्या पॅरलल. सातांचे दोन गट पॅरलल केले की व्होल्टेज निम्मं आणि रेझिस्टन्स पाव. दोनांचे सात केले तर व्होल्टेज एक सप्तमांश, रेझिस्टन्स एक एकोणपन्नासांश. स्टारचं डेल्टा केलं, म्हणजे तीन फेज टोकाला टोक जोडून त्रिकोण केला, की व्होल्टेज आणखी १.७३ पटीने उतरतं. सातांचे दोन आणि डेल्टा या जोडीत चार्जिंग १६० फेऱ्यांना सुरू होतं. पात्यांना नेमकं तेच हवं होतं, म्हणून तेच निवडलं.

गट पॅरलल करताना सगळ्यात जपायचं ते इथे. तीन दातांमागे चार ध्रुव असं प्रमाण असल्यामुळे एकाच फेजच्या सगळ्या कॉइल विजेच्या हिशेबाने एकाच क्षणी एकाच स्थितीत असतात. त्यामुळे त्या पॅरलल करायला हरकत नाही. पण एका गटाची टोकं उलटी लागली तर करंट आतल्या आतच फिरतो, रोटर जड होतो आणि वार्निशचा वास येतो. जोडण्याआधी दोन्ही गटांची एकेक टोकं एकत्र करायची, रोटर फिरवायचा आणि उरलेल्या दोन टोकांवर मीटर एसी व्होल्टवर लावायचा. जवळपास शून्य आलं तर सोल्डर मारा. एका गटाच्या दुप्पट आलं तर टोकं बदला. तीनही फेजना हे करायचं, कंटाळा करायचा नाही.

तारेवरचं इनॅमल ब्लेडने खरवडताना तांब्याला खाच पडते आणि तार पुढे तिथेच तुटते. मी ब्लेड फक्त सुरुवातीला वापरतो, पुढे बारीक पॉलिश पेपर दुमडून चिमटीत धरायचा आणि तार त्यातून ओढायची, गुलाबीसर तांबं सगळीकडून दिसेपर्यंत. मग टिन, मग जोड, वर स्लीव्ह. कॉगिंग (चुंबक दातांना ओढत असल्याने रोटर अडत अडत फिरणं) कमी करायला दातांच्या कडाही कानसेने थोड्या मारल्या, पण रोटर दुसऱ्या खोलीत ठेवून. लोखंडाचा कीस चुंबकांना चिकटला की निघता निघत नाही.

डेल्टाबद्दल नेहमी भीती घातली जाते की तिसऱ्या हार्मोनिकमुळे (व्होल्टेजमधल्या तिप्पट वेगाच्या लहरीमुळे) आत करंट फिरतो. या मोटरमध्ये कॉइलचा पट्टा २४० विद्युत अंशांचा (ध्रुवांची एक जोडी म्हणजे ३६० अंश) असल्याने तिसरा हार्मोनिक कॉइलमध्येच कटतो. तरी डेल्टाचा एक कोपरा उघडा ठेवून मोजलं. २०० फेऱ्यांना फेजवर २४ व्होल्ट आणि उघड्या कोपऱ्यात जेमतेम एक. बंद केला.

खांबावर चढवल्यावर झुळकीतही अँमीटरचा काटा हलायला लागला. मात्र वारा ७ मीटर प्रति सेकंदावर गेला तरी करंट दोन अँपिअरच्या आसपासच घुटमळत होता. कारण सरळ आहे: पात्यांना तेव्हा ३७० फेरे हवेत, पण बॅटरी व्होल्टेज धरून ठेवते आणि कमी रेझिस्टन्सची मोटर रोटरला दोनशेच्या आतच रोखते. पाती स्टॉल होतात, म्हणजे वाऱ्याच्या मानाने फारच हळू फिरल्याने त्यांची ओढ तुटते, आवाजही फडफडणारा येतो. रेक्टिफायर आणि बॅटरीच्या मध्ये ३ ओहमची नायक्रोम (हीटरच्या तारेची) कॉइल टाकली आणि त्याच वाऱ्यात साडेतीन अँपिअर आले. बॅटरीत साधारण ९० वॉट, नायक्रोममध्ये ३७ वॉट निव्वळ उष्णता. वाया घालवून जास्त मिळतं हे पचायला जड जातं, पण मीटर तेच सांगतो.

दोनांचे सात गट स्टारमध्ये केले तर जोराच्या वाऱ्यात ही अडचण येणार नाही, पण चार्जिंग ३२० फेऱ्यांच्या पुढे आणि मंद वाऱ्यात शून्य. ज्यांच्याकडे वारा कायम दांडगा आहे त्यांनी तेच करावं. फेजला १२ कॉइलचा स्टेटर मिळाला तर सहा, चार, तीन, दोन असे सगळे गट पडतात, तो दिसला की सोडू नका.

माझा पुढचा बेत वायरिंग असंच ठेवून, एमपीपीटी कन्व्हर्टर लावण्याचा, म्हणजे मोटरचं व्होल्टेज बॅटरीला न बांधता फेऱ्यांनुसार वाढू देऊन जास्तीत जास्त पॉवर काढणारा. वादळी फेऱ्यांत डीसी शंभराच्या वर जाईल, म्हणून तो १५० व्होल्ट सोसणारा हवा. तो येईपर्यंत नायक्रोम तिथेच, आणि रेक्टिफायरच्या आधी तीनही लाइन शॉर्ट करणारा ब्रेकचा स्विच खांबाच्या बुडाशी. वारा असताना बॅटरी सोडवायची असेल तर तो स्विच आधी पाडायचा, मगच टर्मिनलला पाना लावायचा.