कॅपिटेला कॅपिटाटा, ७३ नग

काल माळा आवरताना एमएस्सीच्या प्रोजेक्टची फाईल सापडली, खाडीच्या चिखलातले प्राणी मोजायचा प्रोजेक्ट होता, आणि त्यात एका तक्त्यात माझ्याच गिचमिड अक्षरात लिहिलंय "कॅपिटेला कॅपिटाटा, ७३ नग", म्हणजे चिखलात राहणाऱ्या एका बारीक समुद्री किड्याचं शास्त्रीय नाव. आता वाचून जरा लाजच वाटली.

काम काय असायचं तर चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, वर उरेल ते सडू नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये, त्यात रोझ बेंगॉल नावाचा रंग टाकायचा म्हणजे किडे गुलाबी होतात, आणि मग मायक्रोस्कोपखाली तांदूळ निवडल्यासारखं निवडत बसायचं. डोळे चुरचुरायचे नुसते. त्यात हा कॅपिटेला म्हणजे शिवणाचा दोरा, दोन-तीन सेंटिमीटर लांब असला तरी खूप. निमुळतं डोकं, ना मिशा, ना जबडा, ना कल्ले. हा पॉलिकीटांपैकी, म्हणजे अंगावर केस असलेल्या समुद्री किड्यांपैकी, आणि पॉलिकीट म्हटलं की पुस्तकात ते झालरीसारखे पाय असलेलं नेरिस दाखवतात ना, तसलं याच्याकडे काही नाही, बघणारा गांडूळच म्हणेल. पण पुढच्या नऊ खंडांचा (अंगावरच्या वळ्यांचा) वेगळा भाग दिसतो, त्यातल्या पहिल्या काही खंडांवर बारीक लांब केस, आणि मागे सगळीकडे आखूड आकडे, प्रत्येक आकड्याच्या टोकावर पारदर्शक टोपडं. नर असेल तर आठव्या-नवव्या खंडाच्या पाठीवर समोरासमोर वळलेले पिवळसर काटे. ते पहिल्यांदा नीट फोकस झाले तेव्हा मी शेजारच्या मुलीला ओढून दाखवले होते, तिला काही विशेष वाटलं नाही.

जिवंतपणी हा लालभडक असतो आणि गंमत म्हणजे याला रक्तवाहिन्याच नसतात, हिमोग्लोबिन शरीरपोकळीतल्या द्रवात तरंगणाऱ्या पेशींमध्ये. सांडपाण्याच्या सडक्या, ऑक्सिजन कमी असलेल्या चिखलात बाकीचे मरतात तिथे हा मजेत, म्हणून "हा भरपूर सापडला की प्रदूषण" असं आम्हाला पाठ. भारतातल्या बंदरांच्या रिपोर्टांतही हेच नाव दिसतं.

आता घोळ बघा. हे नाव मुळात ग्रीनलंडचं. ओट्टो फाब्रिसियस नावाचा डॅनिश मिशनरी तिथे राहिला होता, त्याने १७८० मध्ये या किड्याला लुम्ब्रिकस कॅपिटाटस म्हटलं, म्हणजे चक्क गांडुळाच्या खात्यात टाकलं. नंतर कॅपिटेला झालं आणि जगात कुठल्याही घाण चिखलात असा किडा दिसला की तेच नाव द्यायची पद्धत पडली. मग सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वेस्ट फालमथजवळ फ्लोरिडा नावाचा तेल वाहून नेणारा बार्ज (सपाट तळाची नौका) खडकावर चढला, तेल सांडलं, किनाऱ्यालगतचे प्राणी पटापट मेले आणि मोकळ्या झालेल्या चिखलात कॅपिटेलाची नुसती झुंबड उडाली. ग्रासल हे शास्त्रज्ञ नवरा-बायको या किड्यांचा अभ्यास करत होते, त्यांनी किड्यांची एन्झाइम (शरीरातली प्रथिनं) जेलवर चालवून, म्हणजे विजेने वेगळी करून बघितली तर १९७६ मध्ये निघालं की हा एक नाहीच, सहा वेगळ्या प्रजाती आहेत! दिसायला जवळजवळ सारख्या, पण अंडी लहान-मोठी, पिल्लं वाढायची पद्धत वेगळी, एकमेकांत प्रजनन नाही.

त्यातल्या "प्रजाती एक"ला स्वतःचं नाव मिळायला २००९ उजाडलं, कॅपिटेला टेलेटा. तेही तोवर लॅबमध्ये पाळून पाळून ती प्रसिद्ध झाल्यावर. मादी चिखलाच्या नळीत आतल्या बाजूला अंडी घालते आणि तिथेच सांभाळते, बाहेर पडलेल्या अळ्या काही न खाता पोहतात आणि चांगला सडका चिखल लागला की लगेच बसतात. २०१३ मध्ये तिचा जीनोमही (सगळा डीएनए वाचून) आला. आणि त्याच २००९ मध्ये खऱ्या कॅपिटाटाचं वर्णन ग्रीनलंडच्या नमुन्यांवरून परत नीट करून घ्यावं लागलं, कारण मूळ नाव नक्की कोणाचं हेच धड ठरलेलं नव्हतं.

फाब्रिसियसची बाजू मात्र थोडी राखावीशी वाटते. डीएनए बघून आता कळलंय की गांडुळं आणि जळवा पॉलिकीटांच्याच पसाऱ्यातली एक फांदी आहेत, आणि कॅपिटेलाच्या अगदी जवळचे निघाले एकियुरा नावाचे समुद्री किडे, ज्यांना अंगावर खंडच नाहीत म्हणून कित्येक वर्षं वेगळ्या संघात बसवलं होतं.

तर माझे ते ७३. खाडी गरम पाण्याची आणि नाव ग्रीनलंडचं, शिवाय फॉर्मॅलिनमध्ये घातल्यामुळे एन्झाइम गेले, डीएनए पण नीट निघत नाही, आणि बाटल्या डिपार्टमेंटने कधीच फेकल्या. एक प्रजाती होती की तीन, कोण सांगणार. पेन घेऊन "कॅपिटाटा" खोडलं, पुढे "एसपी." (म्हणजे प्रजाती नक्की नाही) लिहिलं, आणि फाईल परत माळ्यावर टाकली.