3,000 रुपयांत डब्याचे पहिले 20 मेंबर

घरगुती डबे सुरू करताना बहुतेक जण आधी लोगो करून घेतात, मग हजार पॅम्प्लेट छापतात आणि मेंबर कुठून आणायचे याचा विचार सगळ्यात शेवटी करतात. पैसे कमी असतील तर हा क्रम परवडत नाही. डब्याच्या धंद्यात एका दिवसाच्या विक्रीला फारसा अर्थ नसतो. मेंबर किती महिने टिकतो यावर सगळं उभं असतं. म्हणून प्रचारावर जाणाऱ्या प्रत्येक रुपयाला एकच प्रश्न विचारायचा, यातून महिन्याचा मेंबर मिळाला का? पुढचं सगळं पुण्यात कोथरूड-कर्वेनगर किंवा वाकडसारख्या भागात दुपारचे डबे देणाऱ्या एका स्वयंपाकघराला धरून लिहिलं आहे. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातले भाव त्यांच्या जागी घाला.

आधी हिशेब. 3 पोळ्या, भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर असा डबा 90 रुपयांना धरा. किराणा आणि भाजीचे 45, गॅस, पोचवणं आणि धुण्याचे 17, म्हणजे 62 रुपये खर्च. उरले 28. रविवार सोडून महिन्याचे 26 दिवस धरले तर एका मेंबरमागे 728, आणि तो 3 महिने टिकला तर 2,184. असा मेंबर मिळवायला 300 रुपये लागले तरी चालतील, 1,500 लागले तर तुमची मजुरीही सुटणार नाही. हा हिशेब करताना गॅस 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरच्या भावाने धरा. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, आणि त्या भावावर ठरवलेला दर पुढे वाढवावाच लागतो. सुरुवातीलाच दर वाढवला की मेंबर गळतात. पोळीचंही तसंच. 1 किलो कणकेला साधारण 650 मिली पाणी लागतं आणि 48-50 ग्रॅमच्या गोळ्याच्या 33 पोळ्या होतात. गोळा तोलून ठरवा, कारण मेंबरला पोळी लहान झालेली लगेच कळते.

दुसरा निर्णय भागाचा. 20 मेंबर 20 इमारतींत विखुरलेले असतील तर डबे पोचवण्यातच दीड-दोन तास जातात आणि शेवटच्याला गार डबा मिळतो. तेच 20 मेंबर 2 सोसायट्या आणि एका गल्लीत असतील तर अर्ध्या तासात काम होतं. म्हणून घरापासून 2 किलोमीटरच्या आतली तीनच ठिकाणं निवडा आणि पहिले दोन महिने बाकी कुठेही प्रचार करू नका. एकाच मजल्यावर दोन डबे जायला लागले की तिसरा शेजारी आपणहून विचारतो.

त्या तीन ठिकाणी ‘इथे डबा कुठे मिळेल?’ हा प्रश्न कोणाला विचारला जातो ते शोधा. सोसायटीत हा प्रश्न वॉचमनला, इस्त्रीवाल्याला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारला जातो. विद्यार्थ्यांच्या भागात पीजीच्या मालकीणबाईंना, खोल्या दाखवणाऱ्या एजंटला आणि अभ्यासिकेच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला. सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या परिसरात स्पर्धा परीक्षेची मुलं राहतात, तिथे अभ्यासिकेच्या दारावरचं एक कार्ड हजार पॅम्प्लेटांपेक्षा जास्त काम करतं. अशा 10 जणांना एकेक दिवसाचा डबा फुकट द्या, नेहमी देता तसाच, आणि सोबत 10-10 कार्डं ठेवायला द्या. 620 रुपये खर्च येतो, आणि फुकट डबा द्यायचा तो एवढ्याच लोकांना.

नव्या ग्राहकाला फुकट ट्रायल देऊ नका. फुकटचा डबा ज्याला मेस लावायचीच नाही तोही घेतो. त्याऐवजी 3 दिवसांची ट्रायल 210 रुपयांना ठेवा. तुमचा खर्च 186 निघतो, खिशातून काही जात नाही, आणि पैसे मोजणारा माणूस डबा नीट खाऊन मत देतो. दिवस तीनच हवेत. पहिल्या दिवशी सगळे उत्साहाने मटकीची उसळ आणि मसालेभात देतात, दुसऱ्या दिवशीपासून बटाटा सुरू होतो, आणि मेंबर नेमका तिथेच तुटतो. ट्रायलमध्ये एक पालेभाजी, एक कडधान्य आणि एक फळभाजी द्या, म्हणजे पुढचा महिना कसा असेल ते त्याला दिसेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करा. ‘आवडलं का’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘भात कमी करून पोळी वाढवू का, तिखट चाललं का’ असं विचारलं की खरं बोलणं होतं, आणि महिन्याचे पैसे बहुतेक वेळा याच फोनवर ठरतात.

जाहिरातीच्या मजकुरात ‘घरगुती चव, स्वच्छ आणि सात्त्विक’ लिहू नका. प्रत्येक कार्डावर हेच असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला हवं असतं ते असं: ‘दुपारचा शाकाहारी डबा. 3 पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात, कोशिंबीर. भाजीत सोडा नाही, तेल शेंगदाण्याचं. 12:15 ते 12:45 मध्ये पोच. 90 रुपये, 3 दिवसांची ट्रायल 210. फक्त कर्वेनगर आणि वारजे पुलापर्यंत.’ त्याखाली फोन नंबर आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक. ही प्राथमिक नोंदणी फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर होते, फी वर्षाला 100 रुपये. कार्डावर तो क्रमांक दिसला की मुलीसाठी डबा शोधणाऱ्या आईवडिलांना मोठा दिलासा मिळतो.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे आणि तुमचं मुख्य दुकान तेच. कॅटलॉगमध्ये चारच गोष्टी ठेवा: पूर्ण डबा, अर्धा डबा, ट्रायल आणि उपवासाचा डबा. ‘ट्रायल’, ‘महिना’, ‘पैसे बाकी’, ‘सोडून गेले’ अशी लेबलं लावा. दर, वेळ आणि खाड्याचे नियम ही तीन उत्तरं क्विक रिप्लायमध्ये साठवा, कारण सकाळी दहाच्या सुमारास, पोळ्या लाटताना, नेमके हेच प्रश्न येतात. ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीबद्दल, एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही. म्हणून ट्रायलच्या पहिल्याच डब्यावर स्टिकर लावा, ‘नंबर सेव्ह करा, रोजचा मेनू सकाळी 8 ला’. सगळ्या मेंबरांचा साधा ग्रुप करू नका. एकाचा डबा सांडला की ती तक्रार 20 जण वाचतात, शिवाय मुलींचे नंबर अनोळखी लोकांसमोर उघडे पडतात. एकत्र सूचना द्यायची असेल तर कम्युनिटीचा अनाउन्समेंट ग्रुप वापरा, त्यात मेंबरांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आणि कुठून तरी मिळवलेल्या यादीवर मेसेज पाठवणं तर अजिबात नको. चार जणांनी रिपोर्ट केलं की नंबर बंद होऊ शकतो, आणि त्याच नंबरावर तुमचा सगळा धंदा असतो.

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींना विचारल्याशिवाय जाहिरात टाकू नका. परवानगी मिळाली तर आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री, पूर्ण आठवड्याचा मेनू टाका. सोमवारचं काय, ही काळजी त्याच वेळी सुरू झालेली असते.

फोटो सकाळी खिडकीजवळ काढा, फ्लॅश आणि डोक्यावरचा पिवळा दिवा बंद करून. ट्यूबलाइटखाली आमटी राखाडी दिसते, पिवळ्या दिव्यात भात शिळा वाटतो. डब्याच्या कडा पुसा, चारही पुडे उघडून ओळीत मांडा आणि वरून फोटो घ्या. जो डबा जाणार त्याचाच फोटो. सजवलेल्या ताटाचा फोटो टाकला आणि दुपारी दोन चमचे भाजी आली तर तो मेंबर महिनाअखेरीस थांबत नाही.

गूगलवर बिझनेस प्रोफाइल, म्हणजे शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद, करा, तेही फुकट आहे. घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. एकट्या राहणाऱ्या किंवा लहान मुलं असलेल्या बाईने तो लपवावाच. नावात ‘बेस्ट टिफिन सर्व्हिस कोथरूड’ असं काही घुसडू नका, प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. धंद्याचं खरं नाव लिहा. पडताळणीला अनेकदा व्हिडिओ मागतात, त्यासाठी स्वयंपाकघर, मोठी भांडी, भरलेले डबे आणि नोंदणीचा कागद हाताशी ठेवा. रिव्ह्यू पंधराव्या दिवसाच्या सुमारास मागा, तोपर्यंत मेंबरकडे लिहिण्यासारखं काहीतरी असतं. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट द्यायला गूगलची मनाई आहे, तेव्हा नुसती लिंक पाठवा आणि विनंती करा.

मेंबरने मेंबर आणला तर त्याला 2 डबे फुकट द्या, नव्या माणसाने महिन्याचे पैसे भरल्यावर. रोख सूट नको. त्याच्या लेखी ते 180 रुपये असतात, तुम्हाला 124 पडतात. हिशेबात 300 ची मर्यादा ठरवली होती, तिच्या निम्म्याहून कमी. असे 10 मेंबर आले तर 1,240. त्यात कार्डांचे 400, स्टिकरचे 300, नोंदणीचे 100 आणि आधीचे 620 धरून 2,660 होतात. 3,000 मधले उरलेले 340 सांडलेल्या, उशिरा गेलेल्या डब्याची भरपाई म्हणून ठेवा. पहिल्या महिन्यात ते लागतातच.

पॅम्प्लेटांना पूर्ण फाटा द्या असं नाही. पेपरवाल्याकडून पेपरात टाकायचीच असली तर ती जूनच्या शेवटी किंवा जुलैत, प्रवेश होऊन मुलं खोल्या घेतात तेव्हा, आणि फक्त त्या तीन ठिकाणच्या लाइनला. दिवाळीच्या सुट्टीआधी आणि एप्रिल-मेमध्ये छापलेला कागद वाया जातो. भिंती, विजेचे खांब आणि बसथांब्यांवर चिकटवू नका. महाराष्ट्रात 1995 च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि त्या कागदावर तुमचाच नंबर असतो. झोमॅटो-स्विगीचं कमिशन दिल्यावर 28 रुपयांच्या शिलकीतलं फारसं काही उरत नाही, म्हणून रोजचा डबा तिथे नकोच.

सण मात्र सोडू नका. होळीच्या पुरणपोळ्या, गणपतीत उकडीचे मोदक, श्रावणी सोमवारी आणि नवरात्रात उपवासाचा डबा: वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची पुरी. ज्यांना रोज डबा नको असतो तीही घरं यासाठी ऑर्डर देतात, आणि खोक्यात ठेवलेलं कार्ड फ्रिजवर जातं. ऑर्डर दोन दिवस आधी बंद करा आणि पैसे आगाऊ घ्या. मोदक 200 च्या पुढे घ्यायचे असतील तर वळायला दुसरे हात लागतात, तेवढी माणसं नसतील तर 150 ला थांबा.

प्रचार चालला की वेगळंच संकट येतं. एका आठवड्यात 12 चे 30 मेंबर होतात, पोळ्या पहाटेच करून ठेवाव्या लागतात, गरम पोळ्या डब्यात बंद केल्याने वाफ धरून ओल्या होतात, डबा 1:20 ला पोचतो आणि जुने मेंबर आधी जातात. आठवड्याला 5 पेक्षा जास्त नवे घेऊ नका. बाकीच्यांना ‘पुढच्या सोमवारपासून’ सांगा, बहुतेक जण थांबतात. पोळ्या जाळीवर 5 मिनिटं निववून सुती कापडात गुंडाळा, आमटीचा पुडा सगळ्यात खाली ठेवा आणि झाकणाची रबरी रिंग दर महिन्याला तपासा.

खाड्याचा नियम पहिल्याच दिवशी लेखी पाठवा: महिन्याला 4 खाडे, आदल्या रात्री 8 पर्यंत कळवलं तरच, खाड्याचे दिवस पुढे जोडले जातील, पैसे परत नाहीत. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

वहीत प्रत्येक नव्या नावापुढे तो कुठून आला ते लिहा: पीजी, वॉचमन, गूगल, मेंबर, पॅम्प्लेट. सोडून जाणाऱ्यापुढे कारण लिहा. तीन महिन्यांनी वही उघडल्यावर ज्या रकान्यात नावं नाहीत तिथला खर्च बंद करा. ‘उशीर’ तीनदा आला असेल तर प्रचार थांबवून आधी डबे पोचवणारा माणूस बघा.