मामांचा फोटो आणि पाच पॉइंट सहा

मी १९८८ च्या दहावीच्या बॅचचा. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी काहीतरी लिही म्हणून फोन आला तेव्हा डोळ्यासमोर पहिल्यांदा आला तो आपल्या चित्रकलेच्या सरांचा झेनिट कॅमेरा. रशियन, जवळजवळ किलोभर वजनाचा, त्याला सेल लागायचा नाही, पुढच्या काचेच्या पट्टीवर उजेड पडला की वरची उजेड मोजणारी सुई हलायची. सरांनी तो नववीत माझ्या हातात दिला, आणि त्या वयाच्या पोराच्या हातात एवढी महाग वस्तू कोण देतं हो?

आधी मला आकडेच कळायचे नाहीत. लेन्सवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असं लिहिलेलं आणि १६ ला उजेड आत सोडणारं भोक सगळ्यात बारीक, हे उलटं का? सर म्हणाले, भाकरीला दोन वाटेकरी असले तर तुकडा केवढा आणि सोळा असले तर केवढा? ५८ मिलिमीटर फोकल लेंग्थची लेन्स, भागिले दोन म्हणजे २९ मिलिमीटरचं भोक, भागिले सोळा म्हणजे साडेतीनच्या आसपास. तेव्हापासून ते डोक्यात पक्कं बसलं.

शटरसाठी तर त्यांनी आम्हाला शाळा सुटताना फाटकापाशी उभं केलं. दोन्ही दारं उघडी असली की वर्ग वीस आकडे मोजेपर्यंत बाहेर, एकच दार उघडलं तर चाळीस मोजावे लागायचे, पोरं मात्र तेवढीच. दार म्हणजे अ‍ॅपर्चर, म्हणजे ते भोक, आणि मोजणी म्हणजे शटर, उजेड किती वेळ आत येतो ते. म्हणून ८ ला १/६० सेकंद आणि ५.६ ला १/१२५ सेकंद दिलं तर फिल्मवर उजेड सारखाच पडतो, मग कुठलं निवडायचं ते तुला काय हवंय त्यावर. लांब उडीवाला हवेत थांबवायचा तर १/५००, मागचं सगळं स्पष्ट हवं तर भोक बारीक.

फेब्रुवारी ८७ मध्ये दहावीच्या निरोपाचा ग्रुप फोटो मी काढला. संध्याकाळची सावली, ऑर्वो कंपनीचा १२५ स्पीडचा काळापांढरा रोल, ५.६ ला १/६०. त्या लेन्सला दोन रिंगा. एकीवर आकडा ठरवायचा, मग दुसरी पूर्ण उघडून लख्ख उजेडात फोकस करायचा आणि बटण दाबायच्या आधी ती फिरवून ठरवलेल्या आकड्यापर्यंत बंद करायची. मी पहिल्या रांगेतल्या हेडसरांच्या चष्म्यावर फोकस केला, सगळे तयार म्हणून ओरडले आणि रिंग फिरवायची राहिली. फोटो २ वर गेला. उजेड जास्त पडून निगेटिव्ह काळीकुट्ट, स्टुडिओवाल्याने कशीतरी प्रिंट काढून दिली, त्यात खुर्च्यांवरची रांग एकदम स्वच्छ आणि शेवटची रांग पुसट.

त्या शेवटच्या रांगेत कडेला शिपाई मामा उभे होते. इस्त्रीची टोपी घालून आले होते त्या दिवशी. प्रिंट हातात घेऊन खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, मी कुठाय रे यात? मी बोट ठेवलं. ते बरं बरं म्हणाले आणि घंटा द्यायला गेले. आज पण ते आठवलं की पोटात कालवतं, कारण ५.६ वर बंद केलं असतं तर मागची रांग बऱ्यापैकी आली असती, फक्त एक रिंग फिरवायची होती.

सर काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी कॅमेरा परत दिला, म्हणाले, मामांचा एकट्यांचा काढ. व्हरांड्याच्या सावलीत, रोजची घंटा देताना. मी ८ ला १/३० लावला, हात हलू नये म्हणून कॅमेरा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला, रिंग दोनदा बघितली आणि मामांना म्हटलं तुम्ही हलू नका, फक्त हात हलवा. टोल पडला तेव्हाच दाबलं. चेहरा, मिशा, टोपीची घडीसुद्धा स्पष्ट आलीये, आणि हातातला घंटेचा हातोडा मात्र वाऱ्यासारखा पुसट.

तो फोटो निगेटिव्हवरून परत स्कॅन करून या अंकासाठी पाठवलाय. जरा मोठा छापा.