हप्ता झेपेनासा झाला की बँकेपुढे कोणता आकडा ठेवायचा

हप्ता चुकण्याआधी स्वतःहून बँकेत गेलेला कर्जदार आणि दोन हप्ते थकल्यावर बँकेने गाठलेला कर्जदार, दोघांची अडचण एकच असली तरी त्यांना मिळणारी उत्तरं वेगळी असतात. थकबाकीच्या पहिल्या दिवसापासून खात्याचे टप्पे पडायला लागतात: १ ते ३० दिवस, ३१ ते ६०, ६१ ते ९०. नव्वद दिवसांच्या वर गेलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादित. सुरुवातीला विषय शाखेच्या किंवा कर्ज विभागाच्या हातात असतो. पुढे तो वसुली विभागाकडे आणि मग बाहेरच्या एजन्सीकडे सरकतो. एजन्सीच्या माणसाला मुदत वाढवून देण्याचा अधिकार नसतो. आज किती भरणार, एवढंच तो विचारणार. त्याच्याशी तासभर वाद घातला तरी हप्ता एक रुपयानेही कमी होत नाही.

त्यामुळे पुढचा हप्ता निघणार नाही हे दिसताच हालचाल करायची. पण रिकाम्या हाताने नाही. ‘साहेब, जरा सांभाळून घ्या’ या वाक्यावर बँकेच्या यंत्रणेत काहीच करता येत नाही. आकडा दिला तर तो वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येतो.

आकडा काढायचा कसा ते उदाहरणाने बघू. हातात येणारा पगार ४८,००० रुपये. घरभाडं, किराणा, वीज, गॅस, प्रवास, औषधं, मुलांचा खर्च मिळून २७,५००. शाळेची फी, विम्याचा हप्ता, दिवाळी असे वर्षातून एकदा येणारे खर्च बहुतेक जण धरतच नाहीत आणि मग ठरलेली तडजोड जूनमध्ये मोडते. त्यासाठी दरमहा २,००० बाजूला. उरले १८,५००. देणी तीन: बँकेचं वैयक्तिक कर्ज ४ लाख बाकी, व्याज १४ टक्के, ३६ महिने शिल्लक, हप्ता १३,६७१. क्रेडिट कार्डावर १,२०,०००, किमान भरणा ५ टक्क्यांनी ६,०००. पतसंस्थेचा हप्ता ४,५००. एकूण मागणी २४,१७१. दरमहा ५,६७१ रुपये कमी पडतात.

यात सगळ्यात महागडं देणं कार्डाचं आहे, आणि आकडा लहान दिसत असल्याने लोक तेच शेवटी बघतात. महिना ३.५ टक्के दराने १,२०,००० वर व्याज होतं ४,२०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६. म्हणजे भरलेल्या ६,००० मधून मुद्दल फिटलं १,०४४ रुपये, तेही कार्डावर नवी खरेदी शून्य असेल तर. कार्ड कंपनीकडे मागायचं ते हे: कार्ड बंद करा आणि पूर्ण शिल्लक हप्त्यांमध्ये बदलून द्या. वार्षिक १८ टक्के दराने ३६ महिन्यांचा हप्ता होतो ४,३३८. वैयक्तिक कर्जाची मुदत ३६ ऐवजी ६० महिने झाली तर तो हप्ता ९,३०७ वर येतो. पतसंस्थेचे ४,५०० तसेच ठेवले तर बेरीज १८,१४५. कार्डाच्या पहिल्या महिन्याच्या व्याजावरचा जीएसटी ३२४ धरला तरी १८,५०० च्या आत बसतं.

याची किंमतही माहीत असावी. त्याच ४ लाखांवर ३६ महिन्यांत सुमारे ९२ हजार व्याज जाणार होतं, ६० महिन्यांत ते १ लाख ५८ हजार होईल. पुढे हात मोकळा झाला की आगाऊ भरणा करून मुदत कमी करता येईल का, त्यावर शुल्क किती, हे मंजुरी घेतानाच विचारून ठेवा.

पतसंस्थेला हात का लावला नाही? कारण तिथे जामीनदार असतात, बहुधा ऑफिसमधला सहकारी नाहीतर मेहुणा. पगारातून कपातीचं पत्र सही करून दिलेलं असेल तर महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ खाली संस्था थेट मालकाला कपात करायला सांगू शकते. थकल्यावर कलम १०१ चा वसुली दाखला मिळतो, मग वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता फार जवळचा आहे. तिथे सूट मागायचीच असेल तर सचिवाच्या तोंडी आश्वासनावर राहू नका, संचालक मंडळाचा ठराव लागतो. हाच न्याय बाकीच्या देण्यांनाही: घरकर्ज, रोजीरोटीचं वाहन, सोनेतारण यांचे हप्ते आधी भरायचे, विनातारण (काहीही गहाण न ठेवता घेतलेली) देणी नंतर.

आता अर्ज. शाखेत द्यायचा तर दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख. शाखा घेत नसेल तर ईमेल आणि स्पीड पोस्ट. बिगरबँक वित्त कंपनीच्या बाबतीत तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता तिच्या संकेतस्थळावर असतो, त्याला प्रत पाठवा. मजकूर एवढा पुरतो:

‘माझ्या वैयक्तिक कर्ज खात्याचा मासिक हप्ता १३,६७१ रुपये आहे. नोकरी बदलल्यामुळे माझं मासिक उत्पन्न ४८,००० रुपयांवर आलं आहे. आजपर्यंत एकही हप्ता थकलेला नाही. पगाराच्या तीन स्लिपा, सहा महिन्यांचं खाते विवरण, सर्व कर्जांची यादी आणि घरखर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे. उरलेली मुदत ३६ वरून ६० महिने करून हप्ता सुमारे ९,३०० रुपये करावा, ही विनंती. निर्णय लेखी कळवावा.’

आजारपण असेल तर डिस्चार्ज कार्ड, नोकरी गेली असेल तर कंपनीचं पत्र जोडा. सगळ्या कर्जांची यादी द्यायला लोक लाजतात, पण बँकेला ती क्रेडिट अहवालात दिसतेच. लपवलेलं एक कर्ज सापडलं की बाकीच्या तक्त्यावरचा विश्वासही जातो.

‘असं काही आमच्याकडे होत नाही’ हे पहिलं उत्तर हमखास येतं. त्यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचं बोलणं सोपं जातं. आर्थिक अडचणीमुळे कर्जाची पुनर्रचना केली की सर्वसाधारण नियमानुसार बँकेला ते खातं लगेच एनपीए दाखवावं लागतं आणि संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते. म्हणून शाखाधिकारी अंग चोरतो आणि त्याऐवजी ‘टॉप-अप’ सुचवतो: जुनं कर्ज नव्या कर्जातून फेडायचं, मुदत लांबवायची, वर थोडे पैसे हातात. हप्ता खरोखर कमी होत असेल आणि वरची रक्कम घेतली नाही किंवा ती कार्डाचं देणं फेडायलाच वापरली, तर हा पर्याय वाईट नाही. मात्र प्रक्रिया शुल्क आणि गळ्यात मारलेला विमा मिळून मुद्दल किती फुगतं ते आधी लेखी घ्या. पुनर्रचना झालीच, तर क्रेडिट अहवालात तशी नोंद होते आणि काही काळ नवं कर्ज अवघड जातं, हेही धरून चला.

निर्णय येईपर्यंत काय भरायचं, इथे बरेच जण फसतात. १३,६७१ ऐवजी ९,३०० भरले तर उरलेले ४,३७१ थकबाकीच राहतात आणि थकीत दिवस मोजणं थांबत नाही. तरी काही न भरण्यापेक्षा हे बरं, कारण दंड आणि थकबाकी कमी राहते आणि पुढे भरण्याची तयारी दाखवता येते. पण नव्वद दिवसांची सीमा डोळ्यांपुढे ठेवा. एकदा खातं एनपीए झालं की एखाद-दुसरा हप्ता भरून ते नियमित होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते.

दुसरी अडचण ऑटो डेबिटची. खात्यात पैसे कमी असले की जुन्या रकमेचा मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापून घ्यायला तुम्ही दिलेली परवानगी, परत जातो, मग तुमची बँक आणि कर्ज देणारी संस्था दोघंही शुल्क लावतात. वर, चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली जी फौजदारी कारवाई होते, तशीच मँडेट परत गेल्यावर २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली होऊ शकते. तशी मागणी नोटीस आलीच तर ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात, ती कपाटात टाकू नका. नवा हप्ता मंजूर झाला की नव्या रकमेचा मँडेट सही करा आणि जुना रद्द झाल्याची खात्री करा. हे राहून गेलं की मंजुरी हातात असूनही पाच तारखेला जुनीच रक्कम मागितली जाते आणि खातं पुन्हा थकतं. पगाराचं खातं कर्ज देणाऱ्या बँकेतच असेल तर ती तिथली शिल्लक कर्जापोटी वळती करून घेऊ शकते. घरखर्चाचा पगार दुसऱ्या बँकेत येईल असं बघा.

एकरकमी तडजोड, म्हणजे बाकीपेक्षा कमी रक्कम भरून खातं मिटवणं, हे वेगळं प्रकरण. इथे मुद्दलातही सूट मिळू शकते, पण विनातारण कर्जात तो प्रस्ताव सहसा खातं एनपीए झाल्यावरच पुढे येतो. सुटीच्या लोभाने मुद्दाम थकवा असं सांगणारे सल्लागार हल्ली फोनवर भरपूर भेटतात. ‘हप्ते आम्हाला द्या, बँकेशी आम्ही बघतो’ म्हणतात, त्यांची टक्केवारी आधी कापली जाते, आणि बँक त्यांचं ऐकायला बांधील नसते. दरम्यान व्याज, दंड आणि नोटिसा तुमच्या नावावर. हे काम स्वतः करता येतं.

तडजोडीचं पत्र संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून किंवा लेटरहेडवर आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पत्रात खाते क्रमांक, रक्कम, भरण्याच्या तारखा, ही रक्कम पूर्ण व अंतिम असल्याचं वाक्य, उरलेली बाकी माफ केल्याचा उल्लेख, तारणादाखल घेतलेले चेक परत मिळणं आणि चालू खटले मागे घेणं, एवढं हवंच. पैसे कर्जखात्यातच भरायचे, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. तीन टप्पे ठरले असतील आणि तिसरा दोन दिवस उशिरा गेला तर सूट रद्द होते आणि आधी भरलेलं नुसतं जमा धरलं जातं. म्हणून तारखा पगारानंतरच्या घ्या आणि रक्कम हाताशी असल्याशिवाय सही करू नका. अशा तडजोडीनंतर अहवालात ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ येतं. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार शेतीखेरीज इतर कर्जांत ती संस्था किमान १२ महिने तुम्हाला नवं कर्ज देऊ शकत नाही.

लोकअदालतीची नोटीस आली की घरात रडारड होते. ते वॉरंट नसतं. दाखलपूर्व, म्हणजे अजून कोर्टात दावा न झालेल्या, प्रकरणात तुमच्या संमतीशिवाय तिथे काही ठरत नाही, आणि बँकेचा सूट देण्याचा अधिकार असलेला माणूस समोर बसलेला असतो, हा मोठा फायदा. पण तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. झेपणार नाही असा हप्ता तिथे कबूल केला तर पुढची पायरी थेट वसुलीची.

फार जुन्या थकबाकीबाबत एक सावधगिरी. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते आणि ती संपायच्या आत लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरली की तीन वर्षं नव्याने मोजली जातात. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या कर्जावर अचानक फोन आला तर ‘पाचशे तरी भरा’ला होकार देण्याआधी वकिलाला कागद दाखवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारपूस करता येते.

वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत करता येतात, आणि नातेवाईक, शेजारी किंवा ऑफिसमध्ये बदनामी करता येत नाही. तसं झालं तर वेळ, नंबर, रेकॉर्डिंग जोडून आधी संस्थेकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पतसंस्था यात येत नाहीत, त्यांच्यासाठी सहायक किंवा उपनिबंधक, सहकारी संस्था. विनापरवाना सावकाराची तक्रारही २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तिथेच.

शेवटचा हप्ता भरल्यावर नादेय प्रमाणपत्र मागून घ्या आणि दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढून बघा. खातं अजून थकीत दिसत असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. अर्जाची पोच मात्र जपून ठेवलेली हवी.