कन्सोल सर्व्हर: पोर्टांची नावे अखेर स्थिरावली

घरच्या रॅकमधील राउटर आणि स्विच यांचे कन्सोल, म्हणजे केबल जोडून थेट आदेश देण्याचे पोर्ट, दुरून उघडता यावेत म्हणून मी कन्सोल सर्व्हर उभारत आहे. मागील नोंदीत ठरल्याप्रमाणे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, यूएसबी हब आणि सेर२नेट (सिरियल पोर्ट नेटवर्कवर उघडून देणारा प्रोग्राम) यांची जोडणी पूर्ण झाली होती. मात्र घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीतील वीज जाऊन आली आणि त्यानंतर ऐरोलीच्या ऑफिसातून मुख्य स्विचचा कन्सोल उघडला, तेव्हा समोर भलत्याच राउटरचा प्रॉम्प्ट होता. दुरून काम करताना याहून धोकादायक स्थिती नाही, कारण एकासाठी दिलेला रीलोडचा (पुन्हा सुरू करण्याचा) आदेश दुसऱ्यावरच चालू शकतो.

लिनक्सला यूएसबी-सिरियल केबल ज्या क्रमाने सापडतात, त्याच क्रमाने ते त्यांना शून्यापासून क्रमांक देते. वीज परतल्यावर तो क्रम पूर्वीचाच राहील याची हमी नसते. बाय-आयडीमधील, म्हणजे केबलच्या स्वतःच्या ओळखीवरून लिनक्सने बनवलेली, नावे वापरून पाहिली, पण माझ्याकडील सीएच३४० चिपच्या केबलना स्वतंत्र अनुक्रमांक नसल्याने सर्वांसाठी एकच नाव तयार होते. एकट्या राउटरसाठी अशी स्वस्त केबल पुरेशी आहे. भरलेल्या रॅकसाठी ती कोणी घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे. उपाय बाय-पाथमध्ये सापडला, कारण तेथे नाव हबच्या प्रत्यक्ष पोर्टावरून ठरते. यूडेव्हच्या (लिनक्समध्ये उपकरणांना नावे देणाऱ्या प्रणालीच्या) नियमांनी प्रत्येक पोर्टाला उपकरणाचे नाव दिले, तीच नावे सेर२नेटमध्ये घातली आणि मुद्दाम वीज बंद-चालू करून पाहिली, तेव्हा प्रत्येक कन्सोल आपल्या जागी होता.

त्यानंतरचा आनंद मोठा होता: स्मार्ट प्लगने राउटरची वीज तोडली, बूट होताना ब्रेक संकेत पाठवून रॉममॉन (राउटरचा प्राथमिक बूट प्रोग्राम) गाठले आणि जतन केलेली मांडणी न वाचता राउटर सुरू व्हावा म्हणून रजिस्टर २१४२ करून पासवर्ड रिकव्हरी ऐरोलीत बसूनच पार पाडली.

रास्पबेरी पायऐवजी सिस्को २८११ राउटरमध्ये सोळा सिरियल पोर्टांचे एचविक-१६ए कार्ड घालून रिव्हर्स टेलनेट (नेटवर्कवरून राउटरच्या सिरियल लाइनला जोडणे) वापरावे, असे काहींनी सुचवले होते. तेथे टीसीपी पोर्ट म्हणजे २००० अधिक लाइन क्रमांक, त्यामुळे नावांचा घोळ होत नाही. लाइनवर 'नो एक्झेक' (तेथे लॉगिन सत्र सुरू न करण्याचा आदेश) तेवढे द्यावे लागते, नाहीतर उपकरणाकडून आलेला मजकूर लॉगिन समजला जाऊन लाइन अडकते. परंतु त्या राउटरच्या पंख्याचा आवाज लहान फ्लॅटमध्ये रात्रभर सहन होणारा नाही.

हे लिहितानाच एक त्रुटी जाणवते: केबल हबच्या दुसऱ्या पोर्टात गेली, तर बाय-पाथचे नावही बदलेल. म्हणून एफटी४२३२एच चिपचे चार पोर्टांचे अ‍ॅडॉप्टर घेण्याचे ठरवत आहे. त्याच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) स्वतःचा अनुक्रमांक लिहिता येतो आणि चारही पोर्ट इंटरफेस क्रमांकाने ओळखता येतात. नवा हब घेण्याचा बेत त्यामुळे मागे पडला. आधी एकच अ‍ॅडॉप्टर आणून मुख्य स्विच त्यावर हलवतो.