आमची वाटचाल : खोकं फोडणारी माणसं

२००९ ला कोल्हापुरात राजारामपुरीत एका गाळ्यात सुरुवात केली तेव्हा काम म्हणजे नेटकॅफेच्या वायरी ओढायच्या आणि कॉम्प्युटर फॉरमॅट मारायचा. स्विच, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं यंत्र, ते आठ पोर्टचं डबडं, एका हातात मावायचं. त्यामुळं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीनं पहिल्यांदा मोठ्या चेसिस स्विचचं (मोठा सांगाडा, त्यात कार्ड, सप्लाय वेगळे बसवायचे) काम दिलं तेव्हा आम्ही तिघं दोन मोटरसायकलवरनं टूलकिट घेऊन गेलो, आणि बघतो तर टेम्पोतनं लाकडी पॅलेटवर माझ्या छातीएवढं खोकं उतरतंय.

त्यादिवशी जे केलं ते सांगायला अजून लाज वाटते. खोकं आडवं पाडलं, कटर मारला आणि दोघांनी पॉवर सप्लायचं हँडल धरून चेसिस ओढलं. ते हँडल फक्त सप्लाय बाहेर काढायला असतं, अख्खं धूड उचलायला नव्हे, हे कुणालाच माहीत नव्हतं. सप्लाय हातात आला, चेसिसचा कोपरा फरशीवर, रॅकला, म्हणजे यंत्रं बसवायच्या लोखंडी कपाटाला, लावायचा कान वाकला. भरपाई आमच्या खिशातनं. माझी गाडी विकली, घरी दोन महिने बोलणं बंद.

नंतर शिकवलं ते उद्यमनगरातल्या मामांनी, पाईपवर घालून लेथ सरकवणारी ही माणसं. मामा म्हणाले, "अरे आधी हलकं करा की त्याला." एवढंच. आता खोकं उभंच ठेवतो, पट्ट्या कापतो, खालचे लॉक काढून पुठ्ठा सरळ वर उचलतो, मग सप्लाय, फॅन ट्रे, आतली सर्किटची कार्ड काढून कुठल्या स्लॉटचं काय ते लिहून ठेवतो, आणि रिकामं चेसिस तीन-चार जण खालून धरून रॅकमध्ये घालतो. रॅकची उंची यूमध्ये मोजतात, एका यूची उंची ४४.४५ मिमी, त्या हिशोबानं आधीच खुणा केलेल्या, नट लावलेले. जड ते खाली, नाहीतर रॅकच अंगावर येतो. आणि टेम्पोवाला कितीबी घाई करू दे, तिरपं झालं की लाल होणारा स्टिकर बघून, फोटो काढून, काही दिसलं तर मालाच्या चलानावर शेरा मारूनच सही.

कार्डाच्या पिशव्या मात्र फौंड्रीच्या शेडमध्ये उघडायच्या नाहीत, ती काळी धूळ सगळीकडं जाते आणि त्यात लोखंडाचे कण असतात. बंद खोलीत, अंगातली स्थिर वीज कार्डाला बसू नये म्हणून हाताला अर्थिंगचा पट्टा लावून. पावसाळ्यात थंड एसी रूममधनं बाहेर नेलं तर काही तास तसंच ठेवतो, आत घाम धरलेला असतो.

सगळ्यात जास्त भांडणं अर्थिंगवरनं झाली. इचलकरंजीत एका ठिकाणी न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला तर तीसच्या वर व्होल्ट, दोनच्या आत पाहिजे होतं. वायरमन म्हणतो लाईट लागत्यात की सगळ्या! आम्ही चालूच केलं नाही, चार दिवस बसून राहिलो, गिऱ्हाईक चिडलं, शेवटी अर्थिंगचा नवीन खड्डा काढला. चेसिसला पहिली वायर अर्थिंगची, पॉवर नंतर, आणि दोन सप्लाय असले तर ते दोन वेगळ्या यूपीएसवर. एकाच बोर्डात दोन्ही पिना घातलेल्या बघितल्या की माझं डोकंच फिरतं.

२०१९ च्या महापुरात हायवेच शिरोलीजवळ बंद पडला, माल अडकला तो अडकला, पण शाहूपुरीत एका गिऱ्हाईकाच्या तळमजल्यावरचा रॅक पाण्यात गेला. तिथनं पुढं साईटवर पहिला प्रश्न विचारतो, इथवर पाणी किती आलं होतं? आता रॅक वरच्या मजल्यावर, म्हणजे जिन्यानं चढवणं आलंच. वजन खाली ठेवा म्हणणारे आम्ही आणि तेच वजन माळ्यावर नेणारेबी आम्हीच.

आता नऊ जण आहोत. नवीन पोरं सर्टिफिकेट घेऊन येतात, त्यांना पहिल्या दिवसापासनं कॉन्फिग, म्हणजे स्विचचं सेटिंग करायचं काम, पाहिजे असतं, दोन महिने खोकी फोडायला लावली की तोंड वाकडं करतात. करू देत. पुठ्ठे आणि फोम वॉरंटी संपेपर्यंत टाकत नाही, रिटर्न पाठवायला तेच लागतात, त्यामुळं गोडाऊनमध्ये मालापेक्षा पुठ्ठेच जास्त.

परवा कागलच्या एका कारखान्यात ४२ यूचा रॅक येतोय. लिफ्टच्या दाराला टेप लावून बघितला, पॅलेटसकट आत जात नाही. मामांना फोन केलाय, सकाळी सातला येतो म्हणालेत, पाईप घेऊन.