घर तारण ठेवून आणलेले रॅपियर

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी लावला. त्या मानानं आमचा कारखाना अगदी कालचा. मी मूळचा जॉबर. पान्हे घेऊन दुसऱ्यांच्या शेडात माग दुरुस्त करत हिंडायचो. पुढं भागीदारीत १६ साधे माग घेतले आणि खर्चीवर विणायला लागलो. सूत व्यापाऱ्याचं, आपल्याला पिकावर, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेरीवर, मजुरी. अशी बरीच वर्षं गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१५ ला गल्लीत सेकंडहँड रॅपियर माग यायला लागले. आमचा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक टाकणार, वर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की थांबणार. रॅपियरला धोटा नाही, कांडी नाही, बाणा, म्हणजे आडवा धागा, थेट सुताच्या कोनावरून, वेग दुपटीच्या वर. मी चार घ्यायचं काढलं. भागीदार चारचौघांत म्हणाला, "जॉबर माणूस तू, कॉम्प्युटरच्या मशिनला काय हात लावणार?" मग वाटणी मागितली. आठ माग नेले, आमचा घडीवाला नेला, आणि आमच्याच व्यापाऱ्याकडं जाऊन पिकाला कमी दर सांगून आला. हे मी विसरलेलो नाही.

कर्जाला तारण घर, आणि घर हिच्या नावावर. मला वाटलं रडारड होईल. हिनं एवढंच विचारलं, "बंद पडलं तर उघडणार कोण?" मी गप्प. "आधी दुसऱ्याच्या शेडात काम करून या. मग सही करते."

मालक म्हणवणारा मी महिनाभर रात्रपाळीला हेल्पर म्हणून गेलो. धागा पकडणारा ग्रीपर कुठं झिजतो, कटरचं टायमिंग किती चुकलं की बाणा सुटतो, सायझिंग, म्हणजे सुताची खळ, कच्चं असेल तर उभा ताणा कसा तटातटा तुटतो, हे तिथं कळलं. पॅनेल उघडायचं धाडसही तिथंच आलं.

उरलेले आठ माग भंगारात घालायला मी निघालो होतो. हिनं वीजबिल पुढ्यात ठेवलं. वीजदराच्या सवलतीची रेषा एकूण २७ एचपीची. साधा माग एका एचपीवर चालतो, रॅपियरला चारच्या आसपास लागतात. आठ आणि सोळा, चोवीस. बसतंय की! शिवाय रॅपियरच्या कापडाला काठाला झालर सुटते. पंचाला, धोतराला बंद काठ लागतो, तो धोट्याचाच. जयसिंगपूरचे आमचे एक जुने गिऱ्हाईक पंचे दुसऱ्या कुणाकडनं घेतच नसत. आठही माग ठेवले, सही झाली.

वर्ष सरलं आणि ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. कामगारांचा आठवड्याचा पगार रोखीत, बँकेत रांगा, शेडात तागे छतापर्यंत. रॅपियरचं कापड उचलणारा व्यापारी म्हणाला, "जुन्या नोटा घ्या, नाहीतर थांबा." थांबलो. पुढच्या जुलैत जीएसटी आला, त्या व्यापाऱ्यानं गाळ्याला कुलूप घातलं. आमचे पैसे आजतागायत बुडीत. तेव्हा चहाच्या गाड्यावर कोण हसत होतं, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

घर वाचवलं पंचांनी. जयसिंगपूरच्या काकांनी न मागता पुढच्या मालाचे चेक आगाऊ दिले. हप्ता त्यावर गेला. हिनं कामगारांना एकेक करून बँकेत नेलं आणि खाती उघडून दिली. एकही माणूस सोडून गेला नाही.

नव्या पोरांना सांगतो, कर्ज काढायच्या आधी ते मशीन दुसऱ्याच्या शेडात स्वतः उघडून बघा. डीलरच्या गप्पांवर जाऊ नका. आणि ज्याच्या सहीवर घर आहे, त्याला आकडे खरे दाखवा. कोण काय म्हणेल याला बँक विचारत नाही.

कर्ज फिटलं. मध्यंतरी तोच भागीदार शेडात आला, मागांभोवती दोन फेऱ्या मारल्या. "मलाही दोन घ्यायचेत, बघशील का?" हिनं चहा दिला. मी म्हटलं, "महिनाभर रात्रपाळीला ये, मग बघू." अजून आलेला नाही.